काकाजी आणि बारा व्होल्ट

काकाजींकडे मारुती ८०० आहे, असं लोक म्हणतात. खरं पाहिलं तर काकाजींकडे बॅटरी आहे, आणि तिला बसायला जागा हवी म्हणून तिच्याभोवती एक पांढरी मारुती आहे. गाडी २००५ ची, एमएच ३१ पासिंगची. पंधरा वर्षं झाली तेव्हा काकाजींनी आरटीओत खेटे घातले, हरित कर भरला आणि तिचं पुन्हा पासिंग करून आणलं. पण त्या कागदांचं त्यांना कौतुक नाही. कौतुक बॅटरीचं. ती जानेवारी २०१९ मध्ये घेतलेली, म्हणजे सात वर्षं उलटून गेलेली. नागपूरच्या उन्हात बरी बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते. त्यामुळे काकाजींच्या बॅटरीचं वय आमच्या गल्लीत लोक हळू आवाजात विचारतात आणि काकाजी ते मोठ्या आवाजात सांगतात.

रविवारी सकाळी सहाला बोनेट उघडतं. काकाजींच्या अंगात या वेळी बनियन असतं आणि बनियनला भोकं असतात. बॅटरीतलं अ‍ॅसिड सुती कपड्यावर उडालं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कपडा धुवून तारेवर गेला की मग त्यातून पलीकडचं घर दिसतं. काकूंनी त्यांचे कपडे वेगळ्या तारेवर वाळत घालायला सुरुवात केली त्याला जमाना झाला. हातात दहा नंबरचा पाना, गळ्यात मल्टिमीटरच्या तारा. लाल लालला, काळी काळीला. मग आकडा येतो आणि तो कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जातो : "बारा पॉइंट चार!"

रात्रभर गाडी उभी राहिल्यावर बारा पॉइंट सहा दाखवले म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. चार म्हणजे पाऊण, दोन म्हणजे अर्धी, आणि काटा बाराच्या खाली गेला की त्या दिवशी काकाजींशी कोणी बोलत नाही. सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्टच्या जरा वर, हा हिशेब गल्लीतल्या पोट्ट्यांना पाढ्यांच्या आधी येतो. एकाला शाळेत बाईंनी "कसा आहेस रे?" विचारलं तर तो "बारा पॉइंट सहा" म्हणाला. त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावणं आलं.

काकाजी मूळचे काटोलकडचे. नोकरी विद्युत मंडळात, कोराडीला. मंडळाच्या २००५ मध्ये कंपन्या झाल्या, पण काकाजी आजही मंडळच म्हणतात. कंपनीचं नाव घेतलं की त्यांना पेन्शनबद्दल शंका येऊ लागते. कोराडीला जाणारे लोक चिमण्या पाहायचे, बॉयलर पाहायचे, टर्बाइन पाहून तोंडात बोट घालायचे. काकाजी बॅटरी रूममध्ये होते. एवढ्या मोठ्या वीज केंद्राला बॅटरी कशाला, असं विचारण्याची चूक कोणी केली की काकाजी त्याला बसवून घेतात.

"गावाले वीज कोण देते?"

"स्टेशन."

"अन् स्टेशनच अंधारात गेलं तर स्टेशनले कोण देते?"

समोरचा गप्प. मग काकाजी सांगतात : दोनशे वीस व्होल्टची डीसी बॅटरी. दोन-दोन व्होल्टचे शंभरावर सेल, रांगेनं मांडलेले. बाहेरची वीज गेली, आतली गेली, सगळं बसलं, तरी रिले आणि ब्रेकर याच विजेवर चालतात, आणि थांबत जाणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगला तेल देणारा आणीबाणीचा पंपही याच विजेवर फिरतो. तो फिरला नाही तर बेअरिंग वितळतात. म्हणून बॅटरी रूममध्ये रोज रजिस्टर लिहायचं. शंभर सेल रोज कोण मोजणार, म्हणून त्यातला एक सेल निवडायचा, त्याला म्हणायचं पायलट सेल, आणि त्याची ग्रॅव्हिटी, व्होल्टेज, तापमान रोज टिपायचं. त्याच्यावरून बाकीच्यांची तब्येत ओळखायची.

ते रजिस्टर काकाजींनी निवृत्तीनंतर घरी सुरू केलं. निळ्या पुठ्ठ्याची वही, उभ्या रेघा मारलेली. मारुतीच्या बॅटरीतला तीन नंबरचा सेल हा पायलट सेल. त्याच्यावर काकाजींचा फार भरवसा आहे. पाच नंबर मात्र नाजूक आहे, त्याला पाणी जास्त लागतं, आणि त्याच्याबद्दल काकाजी घरात बोलतात तेव्हा काकूंना बराच वेळ धाकट्या लेकाचा विषय चालला आहे असं वाटतं.

पण बॅटरीचं वेड कोराडीचं नव्हे, त्याच्याही आधीचं. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, आणि काकाजींच्या गावात रविवारी सकाळी वीज नसायची. गावात टीव्ही एक, काळा-पांढरा, मागे बारा व्होल्टची पिन असलेला. काकाजी तेव्हा तरुण होते आणि सुट्टीला गावी येत. त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, टीव्हीला जोडली आणि अख्खं गाव वाड्याच्या अंगणात बसवलं. म्हाताऱ्या बायका टीव्हीला हळदीकुंकू लावत. काकाजींच्या मते त्यातलं निम्मं बॅटरीला लागायला हवं होतं.

युद्ध रंगलं तसा ट्रॅक्टरचा मालक कुरकुरू लागला. नांगरणीला सेल्फ घेत नाही म्हणे. त्याचं खरंच होतं. गाडीची काय, ट्रॅक्टरची काय, बॅटरी दोन-चार सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. तासन् तास थोडं थोडं देत बसणं हे तिचं काम नाही. त्यासाठी इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी वेगळी. पण रावणाशी युद्ध चालू असताना हे कोण ऐकणार? लक्ष्मणाला शक्ती लागली तो रविवार. इकडे व्होल्टेज उतरू लागलं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं व्होल्टेज उतरलं की चित्र चारी बाजूंनी आकसतं. लक्ष्मण पडला होता तो हातभर होता, वैद्य येईपर्यंत वीतभर झाला. अंगणात बायका रडू लागल्या, आणि त्या कशासाठी रडत होत्या हे काकाजींना आजही नक्की सांगता येत नाही. काकाजींनी आवाज बारीक केला. तरी चित्र आकसतच गेलं. शेवटी ते पळत जाऊन सरपंचाच्या जीपवाल्याला उठवून घेऊन आले, जीप अंगणात लावली, इंजिन चालू ठेवून तारा जोडल्या, आणि चित्र पुन्हा पडदाभर झालं तेव्हा हनुमान पर्वत घेऊन येतच होता. गावानं टाळ्या वाजवल्या. काकाजी म्हणतात, त्यातल्या काही माझ्यासाठी होत्या.

बॅटरी मेली असं म्हणण्याआधी काहीतरी करून पाहता येतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात त्या दिवशी बसली ती बसलीच.

आता हे मान्य केलं पाहिजे की काकाजी जे सांगतात त्यातलं तीन चतुर्थांश शास्त्राला धरून आहे. गंमत अशी की त्या तीन चतुर्थांशाकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. पाणी पाहा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, व्हॅसलिन लावा. बॅटरी अर्धी रिकामी ठेवून गावाला जाऊ नका. कारण वीज देताना बॅटरीतल्या दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं. महिनाभर तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ते जागचे हलत नाहीत. बॅटरी 'बसते' ती बहुतेक वेळा अशी. १८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाच्या पत्र्यांची पहिली अशी बॅटरी केली तेव्हापासून हे दुखणं आहे, आणि त्यावर उपायही तेव्हापासून एकच : तिला उपाशी ठेवू नका.

पाण्याचं प्रकरण काकाजींच्या विशेष जिव्हाळ्याचं. गल्लीतले लोक नळाचं पाणी टाकतात. पेंचचं पाणी आहे, गोड आहे, आम्ही पितो की, असं म्हणतात. काकाजी त्यांना हाताला धरून कूलरपाशी नेतात. "हे पाह्य, जाळीवर पांढरा थर काय आहे? हेच तुझ्या प्लेटीवर बसून राहिलं." यावर उत्तर नसतं. नागपुरात बॅटरीचं शास्त्र शिकवायला कूलरइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. डिस्टिल वॉटरचा कॅन कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतो आणि महाग मुळीच नसतो. पण काकाजी तो घेत नाहीत. शेजारच्या डॉक्टरांच्या एसीची नळी जिथे ठिबकते तिथे त्यांनी प्लॅस्टिकची बादली लावली आहे. वाफेचं पाणी, म्हणजे ऊर्ध्वपातित, असा त्यांचा युक्तिवाद. एसीच्या जाळीवरची धूळ आणि धातूचे कण त्यात उतरतात, हे त्यांना व्हीएनआयटीत शिकणाऱ्या पुतण्यानं सांगून पाहिलं. काकाजींनी पाणी पंच्यातून गाळून घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एक उन्हाळा एसी दुरुस्तीला दिला तेव्हा काकाजी दिवसातून दोनदा येऊन चौकशी करत. डॉक्टरांना वाटलं, किती जीव आहे शेजाऱ्यांचा!

बॅटरीचा खरा वैरी ऊन. साधारण दहा अंश वाढले की आतली झीज दुप्पट होते आणि आयुष्य अर्ध्यावर येतं, असा ठोकताळा आहे. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. आणि हे जिथे घडतं ते गाव नागपूर! २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. बोनेटच्या आत त्याहून किती तरी जास्त. पुढे ३० मे २०२४ ला तर रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बोभाटा झाला. हवामान खात्यानं नंतर सांगितलं, आकडा चुकीचा होता, सेन्सर बिघडला होता. गावाला हायसं वाटलं. काकाजी मात्र त्या यंत्राच्या बाजूनं उभे राहिले. "उन्हात उभं करता, पाणी नाही, सावली नाही, अन् वर म्हणता बिघडलं! नोंद तर घेतली ना बिचाऱ्यानं?"

नवतपा लागला की बॅटरी घरात येते. रोहिणी नक्षत्रात सूर्य गेल्यावर जे नऊ दिवस नागपूर भाजतं, त्या नऊ दिवसांत काकाजी पाना घेऊन काळी तार आधी, लाल नंतर अशी सोडवतात आणि बॅटरी उचलून बैठकीत आणतात. तिला ते फरशीवर ठेवत नाहीत. फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असं जुने मेकॅनिक सांगत. एके काळी ते खरंही असावं, कारण तेव्हा बॅटरीची पेटी लाकडाची किंवा रबराची असे आणि ओलीतून करंट झिरपे. आताची पेटी प्लॅस्टिकची, तिला फरशीचं काही सोयरसुतक नाही. हे सगळं काकाजीच आपल्याला समजावून सांगतात आणि मग बॅटरी पाटावर ठेवतात. पाट काकूंच्या लग्नातला. कूलरच्या बरोब्बर समोर. नवतप्यात त्यांच्याकडे गेलात तर वाऱ्याच्या झोतात बॅटरी बसलेली असते आणि पाहुणे कडेच्या खुर्च्यांवर घाम पुसत असतात. पन्हं मात्र पाहुण्यांनाच मिळतं.

चार्जिंगचा दिवस वेगळा. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं, सावकाश, रात्रभर, हा काकाजींचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. चार्ज होताना शेवटी शेवटी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. कोराडीच्या बॅटरी रूमची शिस्त इथेही : झाकणं सैल, खिडक्या उघड्या, बिडी बंद, खर्रा चालेल. अडचण एवढीच की ज्या गॅलरीत सॉकेट आहे त्याच गॅलरीत देव्हारा आहे. काकूंनी तिन्हीसांजेला दिवा लावायला काडी ओढली आणि काकाजी आतून ओरडत आले, "घर उडवतं काय?" काकू शांतपणे म्हणाल्या, "देव तुमच्या आधीपासून आहे तिथे." प्रकरण तीन दिवस चाललं. शेवटी बॅटरी पोर्चमध्ये गेली. पण काकाजींनी एक्स्टेन्शन बोर्डाच्या खर्चाची नोंद रजिस्टरात 'धार्मिक' या रकान्यात केली आहे.

उरलेल्या एक चतुर्थांशाबद्दल आता बोललं पाहिजे. बॅटरीत एप्सम सॉल्ट टाकलं की मेलेली बॅटरी जिवंत होते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं. हे म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पोट साफ करायला घेतात ते. काकाजी गेले चौकातल्या केमिस्टकडे.

"एप्सम सॉल्ट दे."

"कोणासाठी, काकाजी?"

"घरचीच आहे."

"वय काय?"

"सात."

"अन् वजन?"

"असंन दहा किलो. पाण्यासकट."

केमिस्टनं हातातली पुडी खाली ठेवली. "सात वर्षांची पोरगी अन् दहा किलो? तिले जुलाबाचं औषध कायले देऊन राहिले, काकाजी? आधी डॉक्टरले दाखवा."

"दाखवली," काकाजी म्हणाले. "तो म्हणते, फेकून दे अन् नवीन घे."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाई औषध न घेताच निघून गेल्या.

एप्सम सॉल्टनं बॅटरीचं भलं होत नाही. फार तर आकडा थोडा फसवा येतो. पण अ‍ॅस्पिरीनचा प्रयोग त्याहून वाईट. अ‍ॅस्पिरीनची गोळी अ‍ॅसिडमध्ये विरघळली की तिच्यातून व्हिनेगारातलं आम्ल सुटतं, आणि ते शिसं खातं. थोडा वेळ बॅटरी तरतरीत वाटते, मग कायमची खचते. काकाजींनी हा प्रयोग आपल्या बॅटरीवर केला नाही, एवढे ते शहाणे. समोरच्या निवृत्त तहसीलदारांच्या बॅटरीवर केला. गोळ्याही तहसीलदारांच्याच, हृदयासाठी दिलेल्या. त्या बॅटरीनं आठवडाभर असा काही सेल्फ मारला की गल्लीतले सगळे आपापल्या गोळ्या मोजू लागले. आठवड्यानंतर ती जी बसली ती उठलीच नाही. काकाजींचा निष्कर्ष : "गोळी बरोबर होती, डोस जास्त झाला." सोडा, व्हॅसलिन, पाणी यातलं एकही गल्लीनं उचललं नाही; अ‍ॅस्पिरीन मात्र धरमपेठेपर्यंत पोचलं.

हिवाळ्यात काकाजींचं दुसरं रूप दिसतं. उन्हाळा बॅटरीला मारतो, पण बातमी थंडीत कळते, कारण थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं तेल घट्ट होतं, आणि उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी एका पहाटे नुसतं टिक टिक करते. डिसेंबर २०१८ च्या शेवटी नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला, तेव्हा त्यांची आधीची बॅटरी अशीच गेली. तेव्हापासून काकाजी गाडी उतारावर लावतात. नागपूर हे सपाट शहर आहे, असं भूगोलाच्या पुस्तकात वाचून आलेल्यांना वाटतं. काकाजींना यातला प्रत्येक उतार पाठ आहे. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरणारा रस्ता हा त्यांच्या मते शहरातला सर्वोत्तम. अजनीचा रेल्वे पूल मध्यम. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल, तो ३.१४ किलोमीटरचा, ज्याच्यावरून मेट्रो जाते आणि ज्याची गिनीज बुकात नोंद आहे, त्याच्याबद्दल ते म्हणतात, "विक्रम कायचा करून राहिले, मधातलं सगळं सपाट आहे." स्टेशनसमोरचा उड्डाणपूल पाडला तेव्हा वाहतुकीचं काय होणार याची चर्चा गावभर होती, काकाजी दोन उतार गेले म्हणून हळहळले. लग्नाचं आमंत्रण आलं की ते मुहूर्त पाहत नाहीत, कार्यालयाच्या बाहेर उतार आहे का ते पाहतात. नसेल तर काकूंच्या हाती पाकीट देऊन ऑटोनं पाठवतात.

उतारावरून गाडी सोडायची, दुसरा गिअर, क्लच सोडला की इंजिन धरतं. पण यातही खोच आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या पार मेलेल्या बॅटरीवरही कशाबशा उठत. इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोलचा पंप चालवायला आणि आतल्या कॉम्प्युटरला जागं ठेवायला थोडी तरी वीज लागते. म्हणजे उतार असला तरी बॅटरी थोडी जिवंत हवीच. "थोडी," काकाजी दोन बोटांत तीळभर अंतर दाखवत म्हणतात. "आपल्याले थोडीच पाहिजे असते."

दर शुक्रवारी संध्याकाळी ते काकूंना घेऊन कोराडीच्या जगदंबेला जातात. काकूंना वाटतं, एवढी वर्षं तिथे नोकरी केली, देवीवर श्रद्धा आहे. श्रद्धा आहेच. पण बाजारापर्यंतच्या फेऱ्यांत सेल्फ मारताना गेलेली वीज भरून निघत नाही, तिला सलग अर्धा तास अल्टरनेटरचे चौदा व्होल्ट मिळावे लागतात, आणि घरापासून कोराडी बरोब्बर तेवढ्या अंतरावर आहे. एकदा पानठेल्यावर कोणीतरी हिशेब मांडला. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, दोन लिटर पेट्रोल, पेट्रोल शंभराच्या वर; वर्षाचे दहा हजार रुपये. नवी बॅटरी चार हजारांत येते. काकाजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाले, "देवीले जाण्याचा खर्च मोजून राहिला काय बे? पाप लागते."

बॅटरीच्या दुकानात ते वर्षातून एकदा जातात, विकत घ्यायला नाही, तपासून घ्यायला. दुकानदाराचा नवा माल झाकणं नसलेला, सीलबंद, वर एक बारीक काचेचा डोळा : हिरवा दिसला तर ठीक, काळा दिसला तर चार्ज करा, पांढरा तर बदला. हा डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. काकाजींना हे सहन होत नाही. "सहा खोल्यांचं घर. एका खिडकीतून डोकावायचं अन् म्हणायचं, सगळे बरे आहेत!" दुकानदार लोड टेस्टर लावतो, मान हलवतो. "काकाजी, झाली हिची. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

"झाली हे तू कशावरून ठरवलं?"

"सात वर्षं झाली ना, काकाजी."

"मंडळानं मले अठ्ठावनव्या वर्षी सांगितलं, झाली म्हणून. माझी ग्रॅव्हिटी कोणी मोजली होती काय?"

दुकानदार चहा मागवतो. मात्र एका बाबतीत काकाजी कायद्याचे एकदम पक्के आहेत. जुनी बॅटरी कबाड्याला द्यायची नाही. कबाडी ती फोडतो, अ‍ॅसिड नालीत ओततो, शिसं उघड्यावर वितळवतो, आणि ते शिसं आजूबाजूच्या लेकरांच्या रक्तात जातं. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ मध्येच आले होते, नंतर २०२२ मध्ये नवे आले. ते काकाजींना कलमांसह माहीत आहेत. गल्लीत कबाड्याची गाडी आली की ते फाटकात उभे राहतात. त्याला त्यांच्या घरातून रद्दीशिवाय काही मिळत नाही, व्याख्यान मात्र दर वेळी मिळतं.

गेल्या संक्रांतीला जावई आला. समृद्धी महामार्गानं, नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून. काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेट उघडायला सांगितलं नाही, यावरून काकू काळजीत पडल्या. जेवताना जावई सांगत होता : इंजिन नाही, तेल नाही, क्लच नाही, सेल्फ मारायची भानगडच नाही. काकाजी तिळाची वडी चघळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडेना. पडदा काळा. दिवे नाहीत. पोटात तीनशे किलोमीटर जाण्याइतकी वीज भरलेली आणि गाडीला स्वतःचं दारही उघडता येईना. जावयानं मदत केंद्राला फोन लावला, तिकडून सांगितलं, माणूस दुपारी येईल. तोवर काकाजी बनियनवर बाहेर आले होते. त्यांनी जावयाच्या हातून पुस्तिका घेतली, चष्मा चढवला आणि पान उलटता उलटता थांबले.

मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत एक छोटीही असते. बारा व्होल्टची. शिशाची. कुलपं, पडदा, कॉम्प्युटर, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, सगळे तिच्या हुकमावर. ती बसली की मोठी कितीही भरलेली असो, उपयोग शून्य. जावयानं समोरच्या काचेवर लावलेला कॅमेरा रात्रभर तिच्यातून वीज ओढत राहिला होता.

"जवाईबापू," काकाजी म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत लक्ष्मणाच्या रविवारापासूनची सगळी वर्षं होती, "हिच्यात पण आपलीच बसून राहिली."

पुस्तिकेत दुसऱ्या गाडीकडून जंप घ्यायची मुभा होती. मारुती ढकलत पुढे आणली गेली, कारण सकाळच्या थंडीत तिला सेल्फ मारून ताकद घालवायची नव्हती. लाल लालला. लाल लालला. काळी मारुतीच्या काळीला, आणि शेवटची काळी नव्या गाडीच्या सांगितलेल्या बोल्टला, बॅटरीपासून लांब, ठिणगी पडली तर तिथे पडावी म्हणून. गल्ली जमली. तहसीलदार जमले. डॉक्टरही जमले. काकाजींनी मल्टिमीटर पाहिला, आकडा या वेळी ओरडून सांगितला नाही, आणि जावयाला म्हणाले, "दाबा." पडदा उजळला. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी दारातून पाहिलं आणि पोह्यांवर तर्री वाढायला आत गेल्या.

दुपारी कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं छोटी बॅटरी तपासली, वॉरंटीत आहे म्हणाला, नवी बसवली आणि जुनी उचलून निघाला.

"ती कुठं नेऊन राहिला?"

"परत द्यावी लागते, काकाजी. नियम आहे ना."

"माहीत आहे मले नियम. तो भंगार बॅटरीचा आहे." काकाजींनी तिच्यावर हात ठेवला. "ही काऊन भंगार? एक रात्र उपाशी राहिली. एवढंच."

"सीलबंद आहे, काकाजी. हिले झाकणच नाही. पाणी कुठून टाकाल?"

"झाकण पाडता येते," काकाजी म्हणाले आणि जावयाला ड्रिल मशीन आणायला आत पाठवलं.